पद्मिनी : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडतं ते किल्ली सोडल्यावरच

निळी पद्मिनी (सिंहगड रस्ता) | शनिवार, सकाळी ७:५०

प्रीमियर पद्मिनी, १९८४ चं मॉडेल. १०८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन (पॉइंट म्हणजे उघड-मीट होणारा संपर्क; तो उघडून करंट तुटला की कॉइल प्लगसाठी ठिणगी देते). सेल्फ किल्लीवर, सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणारा चुंबकी स्विच) सेल्फच्या अंगावरच.

थंड इंजिनाला चोक ओढून पाच-सहा वेळा लांब सेल्फ मारावा लागतो. सेल्फ सुस्त नाही, दणकून फिरतो. तो फिरत असताना इंजिन एकदाही फट् करत नाही. किल्ली सोडली की नेमक्या त्या क्षणी एक झटका येतो, आणि कधी कधी तेवढ्यावर गाडी चालू होते. उतारावर सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला तर पहिल्याच धक्क्याला चालू. गरम गाडी लक्ष्मी रस्त्यावर वीस मिनिटं उभी केली की परत तीच तऱ्हा. कात्रजच्या चढावर अर्ध्या-पाऊण तासाने मिसफायर करते.

प्लग, प्लगच्या वायरी, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं नवीन आहे. बॅटरी सहा महिन्यांची. मीटर आणि टेस्ट लॅम्प घरात आहे. पुढे काय तपासायचं, आणि कुठल्या क्रमाने?

---

नळस्टॉप | शनिवार, ८:२०

आधी पेट्रोल आणि करंट वेगळे करा, नाहीतर दोन्हीकडे हात मारत बसाल. पाच-सहा सेल्फ झाल्यावर लगेच एक प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, दोष करंटचा. कोरडा असेल तर एअर क्लीनर काढा, इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि कार्ब्युरेटरच्या घशात पिचकारी उडते का बघा.

गाडी आठ-दहा दिवस उभी असेल तर बाउलमधलं (कार्ब्युरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि इंजिनवरचा पंप ते परत भरेपर्यंत सेल्फ फिरतच राहतो. तो दोष नाही. पंपाला हाताने मारायची दांडी असेल तर सेल्फच्या आधी आठ-दहा वेळा मारून घ्या.

गरम गाडीला दुसरी कसोटी. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, पंप करू नका, सेल्फ मारा. चालू झाली तर उभ्या गाडीत बाउलमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत) उतरलं होतं. कार्ब्युरेटरखालचा जाड इन्सुलेटर पॅकिंग जागेवर आहे ना, तेही बघा. त्याच्या जागी पातळ कागदी पॅकिंग घातलेल्या गाड्या बऱ्याच दिसतात.

---

तांब्याची तार | शनिवार, ९:०५

मूळ लक्षणातच निम्मं उत्तर आहे. सेल्फ फिरताना पुरेशी ठिणगी नाही, सेल्फ सुटताच ठिणगी, ढकलून लगेच चालू. प्लग, कंडेन्सर, पेट्रोल यांतलं काहीही किल्लीच्या त्या एका क्षणाशी बांधलेलं नसतं. त्या क्षणी बदलतं ते फक्त कॉइलला मिळणारं व्होल्टेज. सेल्फ सुटला की ते वर येतं, इंजिन अजून अर्धा फेरा फिरत असतं, तेवढ्यात एक ठिणगी पडते. तुमचा तो झटका म्हणजे तीच ठिणगी.

म्हणून आता एकही पार्ट बदलू नका. मीटर घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, हातातलं घड्याळ-अंगठी काढून ठेवा.

मोजताना एक गोष्ट पक्की धरा : करंट वाहत असतानाच मोजायचं. पॉइंट उघडे असताना कॉइलच्या प्लसवर १२ व्होल्ट दिसणारच. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी दिसतील, कारण करंट वाहतच नाही. टेस्ट लॅम्पही तिथे फसवतो. पाच वॅटचा दिवा अर्धा अँपिअरसुद्धा खेचत नाही, कॉइलला चार लागतात.

मोजमापं अशी घ्या :

१. बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही. किल्ली बंद असताना किती, सेल्फ फिरताना किती. बंद असताना १२.४ ते १२.७ हवेत, सेल्फला ९.६ च्या खाली जाता कामा नये.

२. डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक प्लगला आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, पॉइंट त्यातच असतात) कॅप काढा, इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेले ठेवा. किल्ली चालू. कॉइलच्या प्लसवर किती आणि मायनसवर किती, दोन्ही बॅटरीच्या मायनसच्या संदर्भात. मायनसवर ०.२ पेक्षा जास्त दिसले तर पॉइंट, आतली छोटी वायर किंवा बेसप्लेटचं (पॉइंट बसवलेल्या पत्र्याचं) अर्थिंग गडबड करतंय. वाचन झालं की किल्ली लगेच बंद करा. मिटलेल्या पॉइंटवर किल्ली चालू ठेवली की कॉइल तापते.

३. कॅप लावा, कॉइलची मधली जाड वायर कॅपमधून काढून ब्लॉकला पक्की टेकवा. ती लोंबकळत सोडली तर कॉइल आतून फुटते. आता सेल्फ मारून कॉइलच्या प्लसवर किती ते बघा. पॉइंट उघड-मीट होत असल्यामुळे मीटर सरासरी दाखवेल, ती चालते.

४. सेल्फ फिरताना बॅटरीचा मायनस खुंट ते इंजिन ब्लॉक. ०.३ च्या आत हवं.

५. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडून तिचा ओहम मोजा. आधी मीटरच्या दोन्ही टोकांना एकमेकांवर दाबा. स्वस्त मीटर ०.३ ते ०.५ तिथेच दाखवतो, तो आकडा वजा करायचा.

---

घाटवाट | शनिवार, ९:४०

+१. मीटर लावण्याआधी दोन मिनिटांची खात्री अशी करता येते. बॅटरीच्या प्लसपासून थेट कॉइलच्या प्लसला २.५ चौरस मिलिमीटरची वायर, मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, आणि सेल्फ मारा. पहिल्या-दुसऱ्या फेऱ्याला पकडलं तर दोष बॅटरी ते कॉइल या वाटेत आहे, डिस्ट्रिब्यूटर निर्दोष. ही वायर असताना किल्लीने इंजिन बंद होणार नाही, वायर काढली की बंद होईल. आणि आधी कॉइलला जोडा, मग बॅटरीला. उलट केलं तर हातातलं मोकळं टोक बॉडीला लागलं की ठिणगी, तीही पेट्रोलच्या नळीशेजारी.

---

निळी पद्मिनी | शनिवार, दुपारी १:१५

सगळ्यांचे आभार. प्लग ओला निघाला, पिचकारी व्यवस्थित आहे. थेट वायर लावल्यावर दुसऱ्या फेऱ्याला चालू झाली, तीन वेळा करून पाहिलं.

बॅटरी : बंद १२.४, सेल्फला १०.२
पॉइंट मिटलेले, किल्ली चालू : कॉइल प्लस १०.१, मायनस ०.४५
पॉइंट उघडे : कॉइल प्लस १२.३
सेल्फ फिरताना कॉइल प्लस : ६.५
सेल्फ फिरताना ब्लॉक ते बॅटरी मायनस : ०.७
कॉइल : मीटरवर १.८, टोकांचे ०.३ वजा करून १.५ ओहम

---

तांब्याची तार | शनिवार, २:००

उत्तम वाचनं. एक नाही, तीन दोष आहेत आणि तिघे एकमेकांना हात देतायत.

कॉइल चुकीची आहे. दीड ओहमची कॉइल बॅलास्ट रेझिस्टन्सबरोबर (कॉइलच्या वाटेत करंट आवरणारा वेगळा रेझिस्टन्स) वापरायची असते. तुमच्या गाडीच्या वाटेत बॅलास्ट नाही, तिथे ३ ओहमची लागते. दुकानात बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दीड ओहमच्या कॉइलमुळे पॉइंटमधून ४ ऐवजी साडेसहा-सात अँपिअर जातो. पॉइंट निळे-काळे पडतात, म्हणून नवीन पॉइंटवरही ०.४५ व्होल्ट अडतोय. कॉइल तापते, म्हणून कात्रजच्या चढावर मिसफायर. पाऊण तास चालवून कॉइलवर हात ठेवा. गरम असणं साहजिक आहे, पण हात टेकवत नसेल तर तिचं काम संपलं.

बॅटरीकडून येणारी वाट अडलेली आहे. १२.४ मधले २.३ व्होल्ट कॉइलपर्यंत पोचतच नाहीत. साडेसहा अँपिअरला २.३, म्हणजे वाटेत सुमारे ०.३५ ओहम. आकडा लहान वाटतो, पण सेल्फच्या वेळी त्याच वाटेने सोलेनॉइडचाही करंट जातो. तो आठ-एक अँपिअर धरला तरी त्याचे आणखी २.८ व्होल्ट गेले. १०.२ मधून हे वजा करत या, सरासरी साडेसहाच्या आसपास येते, तुम्हाला नेमकी तेवढीच मिळालीये. त्यावरून आणखी एक कळतं : अडथळा कॉइलच्या आणि सोलेनॉइडच्या *सामाईक* वाटेत आहे, म्हणजे स्विचच्या आधी किंवा स्विचच्या आत.

इंजिनचं अर्थिंग कमजोर. ०.७ व्होल्ट म्हणजे इंजिन आणि बॉडीमधली विणलेली पट्टी गंजली आहे किंवा तिच्या बोल्टखाली रंग आहे. चोकच्या केबलला सेल्फ मारताना हात लावून बघा. कोमट लागली तर सेल्फचा करंट परतीसाठी केबलमधून वाट काढतोय. अशा केबल आतून चिकटतात.

आता सामाईक वाटेत नेमकं कुठे ते शोधा. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, त्यासाठी तीन-एक मीटरची वायर जोडून घ्या. पॉइंट मिटलेले, किल्ली चालू. काळं टोक एकेका जोडावर टेकवत जा : स्विचचं ३० नंबरचं टर्मिनल (बॅटरीकडून येणारं), मग १५/५४ (कॉइलकडे जाणारं), मग कॉइलचा प्लस. ज्या दोन जागांमध्ये आकडा उडी मारतो तिथे दोष. स्विच बदलून नंबर गेले असतील तर किल्ली बंद असतानाही ज्यावर १२ व्होल्ट असतात ते ३०.

---

स्वारगेट ७३ | शनिवार, ३:३०

एवढं करण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवा. पॉइंट-कंडेन्सरची कटकटच संपते, गॅप लावणं नाही, घासणं नाही.

---

तांब्याची तार | शनिवार, ३:५५

मॉड्यूल चांगलं असतं, त्याला विरोध नाही. पण आत्ता, या वायरिंगवर, नको. साडेसहा व्होल्टवर पॉइंट निदान अशक्त ठिणगी तरी टाकतात. मॉड्यूलला ठराविक व्होल्टेज मिळालं नाही तर ते ठिणगी टाकतच नाही. दीड ओहमच्या कॉइलवर पॉइंटसाठी केलेलं मॉड्यूल जळू शकतं. आधी तांबं नीट करा, नंतर हवं तर मॉड्यूल. तेव्हाही पॉइंट आणि कंडेन्सर बेसप्लेटसकट डिकीत ठेवा. पॉइंट ताम्हिणीत रस्त्याच्या कडेला फाइलने घासून चालतात, मॉड्यूल घासता येत नाही.

---

अँबी मार्क ३ | शनिवार, ४:२०

इथे अँबॅसेडरवालेही वाचत असतील म्हणून कॉइलच्या दिशेबद्दल. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला असू शकतो. तशा गाडीत कॉइलवर प्लस-मायनसऐवजी इंग्रजी अक्षरं असतात, एक स्विचकडचं आणि एक पॉइंटकडचं. नंतर कुणी अर्थ उलटवला असेल आणि कॉइलच्या वायरी तशाच राहिल्या असतील, तर गाडी चालते, पण प्लगवर ठिणगी उलट्या दिशेने पडते. प्लगचं गरम मधलं टोक निगेटिव्ह असेल तर ठिणगी कमी व्होल्टेजला उडी मारते. उलटं असेल तर जास्त लागतं, आणि कमतरता पहिल्यांदा जाणवते ती सुरू करताना.

तपासायची सोपी पद्धत : चालू इंजिनात एका प्लगची वायर लाकडी चिमट्याने किंचित उचला आणि वायर-प्लगच्या फटीत पेन्सिलीचं शिसं धरा. ठिणगीचा फुलोरा शिशाच्या प्लगकडच्या बाजूला दिसला तर बरोबर. पेन्सिलही चिमट्यात धरा, शिशातून करंट हाताला येतो.

---

निळी पद्मिनी | रविवार, सकाळी १०:३०

बॅटरी प्लसपासून मोजलेलं, पॉइंट मिटलेले :
स्विचच्या ३० पर्यंत : १.६
१५/५४ पर्यंत : २.१
कॉइल प्लसपर्यंत : २.३

म्हणजे सर्वात मोठा खड्डा ३० च्या आधीच. डॅशखाली झोपून वायर मागे मागे तपासत गेलो. स्टिअरिंगच्या नळीच्या उजव्या बाजूला, पटकन दिसणार नाही अशा जागी, काळ्या टेपची अंगठ्याएवढी गाठ होती. टेप सोलल्यावर मूळ वायर मधेच कापलेली, दोन्ही टोकांना आणखी दोन वायरी पिळून बांधलेल्या. एक कारस्टिरिओची, दुसरी फॉगलॅम्पची, तीही टोकाला मोकळी. कथलाचा डाग दिलेला नाही. टेपचा गोंद चिकट राब झालाय, तांबं बाहेरून हिरवं आणि आतून काळं. पीळ बोटाने हलवला तेव्हा तीन-चार धागे तुटून हातात आले. किल्ली चालू ठेवून मिनिटभराने ती गाठ चांगलीच गरम लागत होती.

चोकची केबलही सेल्फला कोमट लागते.

---

घाटवाट | रविवार, १०:५०

ती फॉगलॅम्पची मोकळी वायर आजच काढा, बाकीचं उद्या केलंत तरी चालेल. ३० ची वायर कायम जिवंत असते आणि या काळातल्या फियाट पद्धतीच्या वायरिंगमध्ये इग्निशनच्या वाटेला फ्यूज नसतो. मोकळं टोक डॅशच्या पत्र्याला टेकलं तर अख्खा लूम (वायरींचा जुडगा) पेटेल. काम होईपर्यंत बॅटरीचा मायनस काढून ठेवा.

---

तांब्याची तार | रविवार, ११:३०

बॅटरीचा मायनस आधी काढा, लावताना शेवटी लावा. मग असं :

गाठीच्या दोन्ही बाजूंची वायर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा. काळेपणा इन्सुलेशनच्या आत वीत-दीड वीत सरकलेला असतो. काळ्या तांब्यावर डाग बसत नाही, क्रिम्पही (दाबून केलेला जोड) टिकत नाही. नव्वद टक्के वेळा पूर्ण तुकडा बदलणंच सोपं पडतं. ३० च्या वाटेला ४ चौरस मिलिमीटर, स्विच ते कॉइल २.५. घरगुती वायरिंगची एकसंध तार चालणार नाही, गाडीच्या थरथरीने तुटते; बारीक धाग्यांची ऑटो वायरच घ्या. रंग मूळचाच ठेवा, म्हणजे पुढच्या माणसाला आकृती वाचता येईल.

टोकाला तांब्याचा लग (वायरीवर दाबून बसवायचं टोक), रॅचेटच्या क्रिम्परने दाबलेला. पक्कडीने चेचलेला लग क्रिम्प नव्हे. दाबल्यावर जोरात ओढून बघा, निसटायचा तर आत्ताच निसटू दे. लगला डाग द्यायचा की नाही यावर मतभेद आहेत. माझं मत : द्यायचा नाही. कथील तारेच्या धाग्यांत वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच थरथरीने तार तुटते. वर हीट श्रिंक स्लीव्ह, आणि लगपासून दोन इंचांवर वायरीला क्लिप.

स्विचच्या आत ०.५ व्होल्ट जातोय. सोलेनॉइडचा करंट वर्षानुवर्षं तिथून गेल्यामुळे संपर्क भाजलेत. नवा स्विच घाला आणि सोलेनॉइडसाठी रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) लावा म्हणजे नवाही तसा भाजणार नाही. साधा चार पायांचा ३० अँपिअरचा रिले : स्विचच्या ५० ची (सेल्फकडे जाणारी) वायर रिलेच्या ८६ ला, ८५ बॉडीला, बॅटरी प्लसकडून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून ४ चौरसची वायर ३० ला, ८७ सोलेनॉइडला. रिले बोनेटखाली, तोंड खाली करून बसवा, पाणी साचत नाही.

अर्थिंगची पट्टी नवी घाला. दोन्ही बोल्टखालचा पत्रा काचपेपरने चांदीसारखा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट केल्यावर वरून ग्रीस. ग्रीस आधी लावू नका.

---

नळस्टॉप | रविवार, ११:५०

रिले लावताय तर कॉइलचीही वाट रिलेवरूनच घ्या ना, पूर्ण व्होल्टेज मिळेल.

---

तांब्याची तार | रविवार, दुपारी १२:१०

बरेच जण तसं करतात. मी टाळायला सांगेन. सोलेनॉइडचा रिले मेला तर गाडी ढकलून घरी येते. कॉइलचा रिले मेला तर खंबाटकीच्या चढावर, मागे ट्रक असताना, इंजिन बंद. चार अँपिअर नवा स्विच सहज पेलतो, त्यासाठी मधे एक हलता भाग वाढवायला नको.

---

शनिवार पेठ | रविवार, १:००

कॉइल घ्यायला नाना पेठेत जाल तर मीटर बरोबर न्या आणि काउंटरवरच मोजून घ्या. टोकांचं वजा करून ३ ते ३.४ ओहम. नुसतं "पद्मिनीची कॉइल" म्हणून मागू नका, "बॅलास्ट नसलेली, तीन ओहमची" म्हणा. कॉइलचा मधला टॉवर (जाड वायर बसते ती जागा) ते तिचं बाजूचं टर्मिनल साधारण ६ ते १० हजार ओहम यायला हवं. तिथेच अर्थिंगची विणलेली पट्टी, लग, रिले आणि त्याचा सॉकेट मिळून जाईल.

पॉइंटही नवे घ्या, आत्ताचे भाजले असणार. नव्या पॉइंटच्या तोंडावर गंजू नये म्हणून पातळ तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसून मग साध्या कोऱ्या कागदाची पट्टी दोन वेळा मधून ओढा. काचपेपर नको, त्याची रेती तोंडात रुतते.

बसवताना सर्वात जास्त चूक होते ती वॉशरची. पॉइंटची स्प्रिंग, कंडेन्सरची वायर आणि बाहेरून येणारी वायर, तिघींची टोकं एकत्र एकाच खुंटावर, आणि त्यांच्या आणि बेसप्लेटच्या मध्ये इन्सुलेटर. एक टोक इन्सुलेटरच्या खाली गेलं की कॉइल कायम बॉडीला जोडलेली राहते आणि पॉइंट कितीही उघडला तरी ठिणगी नाही. बसवल्यावर बाहेरची वायर कॉइलवरून सोडून, पॉइंटमध्ये कागद घालून त्या खुंटापासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. काहीही वाचन आलं तर उलगडून परत बसवा.

गॅप ०.४५ मिलिमीटर, फीलर पत्ती किंचित अडकत सरकायला हवी. कॅमवर काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढंच ग्रीस. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं.

---

निळी पद्मिनी | रविवार, १:२०

गॅप बदलल्यावर टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) हलेल ना? आधी कोणतं?

---

शनिवार पेठ | रविवार, १:४५

गॅप आधी, टायमिंग नंतर, नेहमी याच क्रमाने. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतो, म्हणजे टायमिंग पुढे जातं.

टेस्ट लॅम्पने लावायचं असेल तर : पहिला सिलिंडर रेडिएटरकडचा. त्याचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि इंजिन चालताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने फिरवा. हवा बोटाला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या आगाऊ अंशावर आणा. खूण ओलांडली तर सरळ मागे येऊ नका, बरंच मागे नेऊन परत पुढे या, म्हणजे साखळीची ढील एकाच बाजूला राहते. रोटर (डिस्ट्रिब्यूटरमधलं फिरतं टोक) आता पहिल्या प्लगच्या वायरीसमोर असला पाहिजे. लॅम्प कॉइलचा मायनस आणि बॉडी यांच्यात, किल्ली चालू. क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्यूटर फिरवा. दिवा विझलेला असताना सुरू करा आणि पेटेल त्या क्षणी थांबा. पेटला म्हणजे पॉइंट उघडला. क्लॅम्प आवळा, आवळल्यावर पुन्हा एकदा खात्री करा, कारण आवळताना हाताखाली हलतो. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

ड्वेल मीटर असेल तर ड्वेल (पॉइंट जितके अंश मिटलेले राहतात ते) ६० अंशांच्या आसपास हवं. रेस वाढवल्यावर ड्वेल तीन-चार अंशांपेक्षा जास्त हलू लागलं तर डिस्ट्रिब्यूटरचा बुश (दांड्याभोवतीची कडी) झिजलाय. मग कितीही गॅप लावा, एका सिलिंडरला एक आणि दुसऱ्याला वेगळा पडतो. लेथवर नवा ब्राँझचा बुश घालून घेणं हाच उपाय.

---

घाटवाट | रविवार, २:३०

कॅप उघडीच आहे तर रोटर तपासून घ्या, पावसाळ्यात उपयोगी पडेल. कॉइलची जाड वायर लाकडी चिमट्यात धरून रोटरच्या पितळी पट्टीपासून तीन मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. रोटरवर ठिणगी पडू लागली तर करंट रोटरमधून झिरपून खालच्या दांड्याला जातोय, रोटर बाद. ज्या रोटरची पट्टी रिव्हेटने बसवलेली असते त्यात हा दोष जास्त, कारण रिव्हेटचं टोक खालच्या स्प्रिंगच्या अगदी जवळ पोचतं.

कॅपच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दोन टोकांमध्ये दिसली तर कॅप बदला. ती रेघ जळालेल्या कार्बनची असते. खरवडून काढली तरी जुलैच्या ओलसर सकाळी करंट परत त्याच वाटेने जातो. मधला कार्बनचा खुंट बोटाने दाबून बघा, स्प्रिंगने परत वर आला पाहिजे.

---

नळस्टॉप | रविवार, ३:००

पेट्रोलची बाजू ठीक आहे म्हणून खूश, पण नळ्या बघून ठेवा. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबराची नळी त्यात मऊ पडते आणि तिचा आतला थर सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉल चालणारी, आत फ्लोरो रबराचं अस्तर असलेली नळी घाला, पंपाचा डायफ्रामही तसाच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि बाउल रिकामं ठेवणं बरं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते बाउलच्या तळाशी बसून जस्ताचा भाग खातं.

---

निळी पद्मिनी | पुढचा शनिवार, संध्याकाळी ६:१०

काम झालं. ३० ची वायर बॅटरीपासून स्विचपर्यंत नवीन, ४ चौरसची. स्विच नवा, सोलेनॉइडला रिले, ३.१ ओहमची कॉइल, नवे पॉइंट, अर्थिंगची नवी पट्टी. जुन्या पट्टीचा बॉडीकडचा बोल्ट अर्धा रंगावर आणि अर्धा गंजावर बसलेला होता.

बॅटरी : बंद १२.५, सेल्फला १०.२
पॉइंट मिटलेले : कॉइल प्लस १२.३, मायनस ०.१
सेल्फ फिरताना कॉइल प्लस : १०.०
ब्लॉक ते बॅटरी मायनस, सेल्फला : ०.१५
ड्वेल ६१, रेस वाढवून ६०

थंड असताना अर्धा चोक ओढून दुसऱ्या फेऱ्याला चालू. कात्रज चढून उतरून आल्यावर वीस मिनिटं उभी केली, चोक न लावता लगेच चालू. चढावर मिसफायर नाही. कॉइल गरम आहे, पण हात टेकवता येतो. चोकची केबल आता थंड, आणि बरीच सैल चालते.

---

शनिवार पेठ | शनिवार, ६:३०

झकास. ५०० किलोमीटर झाले की पॉइंटचा गॅप परत मोजा. नव्या पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून बसते आणि गॅप आपोआप कमी होतो, ०.४५ लावलेला ०.३८ झालेला सापडेल. तेव्हा परत ०.४५ करा आणि दिवा लावून टायमिंगही बघा. त्यानंतर तो बराच काळ हलत नाही.